ढेपीचा दाखला

शाळेतून मूल काढायचं तर आधी दाखला घ्यावा लागतो, हे वाक्य मी शाळेच्या खिडकीतून इतक्या पालकांना ऐकवलंय की झोपेतही बरोबर म्हणू शकेन. मी हायस्कुलात वरिष्ठ लिपिक आहे. डाळजला, म्हणजे आमच्या गावी, मला सगळे भाऊसाहेब म्हणतात. दाखल्याशिवाय नवी शाळा मुलाला बसवून घेत नाही, आणि जुन्या शाळेला नावं ठेवून निघालेल्या पालकाला दाखला जरा उशिराच मिळतो, हेही मला ठाऊक आहे, कारण तो उशीर मीच करतो. एवढा अनुभव गाठीशी असून कुत्रीचा डॉक्टर बदलताना मला दाखल्याची आठवण झाली नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

कुत्रीचं नाव ढेपी. आमची श्रेया दुसरीत असताना तिनं तिला गुऱ्हाळावरून फ्रॉकमध्ये बांधून आणली होती. रंग ताज्या गुळाचा आणि बसली की आकारही ढेपेचा, म्हणून ढेपी. श्रेया पुढे शिकायला पुण्याला गेली आणि ढेपी आमच्या आबांकडे आली. आबा म्हणजे माझे वडील, गेणबा. आई गेल्यापासून आबा घरात फक्त दोघांशी बोलायचे, ढेपीशी आणि टीव्हीवर बातम्या सांगणाऱ्या माणसाशी. त्यातल्या टीव्हीवाल्याला ते शिव्या द्यायचे. ढेपीला मात्र सकाळी उठल्यावर रात्री झोप लागली का, असं विचारायचे. मला तसं कुणी विचारल्याचं आठवत नाही, पण तो विषय वेगळा.

गावात गुरांचे डॉक्टर म्हणजे मानसिंगराव. सरकारी नोकरीतून निवृत्त झाले तरी मोटरसायकलवर पेटी बांधून गोठ्यागोठ्यांतून फिरतात. गाय-म्हैस म्हटलं की त्यांचा हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नाही. कुत्रं मात्र त्यांच्या लेखी वाढ खुंटलेलं वासरू. ढेपीला ते आमच्या घरी येऊन तपासायचे, तेही आबांची गाय बघून झाल्यावर, हात धुवायच्या आधी.

तरी इतकी वर्षं चाललं होतं. बिनसलं ते एसटी थांब्यावर. मी शाळेला निघालेलो, ढेपी माझ्या मागं आलेली, आणि समोरून मानसिंगराव आले. "लस ऱ्हायलीया हिची," म्हणाले, गाडी उभी केली, पेटी उघडली आणि भर चौकात मला म्हणाले, "भाऊसाहेब, पाय धरा." मी इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात मातीत बसून ढेपीचे पाय धरले. ढेपीनं घाबरून जे करायचं ते माझ्या शर्टावर केलं. थांब्यावर आमच्याच शाळेची पोरं उभी होती. त्यांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी शाळेच्या भिंतीवर माझं चित्र निघालं, आणि दुःख असं की ते ओळखू येत होतं.

श्रेयाचा पुण्याहून धोशा चालूच होता. "पप्पा, बारामतीला चांगलं पेट क्लिनिक झालंय. तिला नीट डॉक्टरकडे न्या." मी नेलं. काचेचं दार, गार हवा, वजनकाटा, टोकन. तिथल्या डॉक्टर अल्फिया, पिंपळीच्या एका शेतकऱ्याची मुलगी, ढेपीशी बोलायच्या आधी तिला हात हुंगू द्यायच्या. मी इतका भारावलो की परत येताना गावाच्या ग्रुपवर फोटोसह टाकलं, 'अखेर ढेपीला शास्त्रशुद्ध उपचार मिळाले.' त्या 'अखेर'वर मी विशेष खूश होतो. पाच मिनिटांत मानसिंगरावांचा अंगठा आला. नुसता अंगठा, पुढं मागं काही नाही. त्या अंगठ्याकडे मी संध्याकाळपर्यंत पाहत होतो.

तेव्हापासून मी रस्ता बदलला. मानसिंगरावांचं घर आमच्यापासून दोन आळ्या सोडून. एरवी थांब्याकडं जायला तोच रस्ता, पण मी देवळाला वळसा घालून, एका उकिरड्यावरून उडी मारून जायला लागलो. आमच्याकडं माणूस एक वेळ नातेवाईक सोडतो, डॉक्टर सोडत नाही. सोडलाच तर त्याच्या दारावरून ताठ मानेनं जाता येत नाही.

माघ सरता सरता ढेपी खायची थांबली. नुसतं पाणी प्यायची आणि पोट मात्र फुगत चाललेलं. शेजारच्या कुशाबाईंनी सकाळी दृष्ट काढली आणि संध्याकाळी ओवा पाजायला सांगितला. ढेपी खाईना म्हणून आबाही खाईनात. शुक्रवारी दोघांना गाडीत घालून बारामतीला नेलं.

डॉक्टर अल्फियांनी पोटाची तपासणी केली आणि मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "काका, गर्भाच्या पिशवीत पू झालाय. ऑपरेशन करून पिशवी काढावी लागेल. याआधी तिला कधी भूल दिली होती का? कुठल्या औषधाचा त्रास झाला होता?"

मी नाही म्हणणार, तेवढ्यात खुर्चीवरून आबा बोलले. "एकदा सुई टोचली आन् दोन दिस मेल्यावानी पडली हुती."

मला ते आठवलं. तीन-चार वर्षांपूर्वी मी निवडणुकीच्या ड्यूटीवर होतो. परत आलो तर ढेपी गोठ्यात आडवी, जीभ बाहेर. आबा आणि मानसिंगराव तिच्या शेजारी पोतं टाकून बसलेले. काहीतरी खाल्लं असंल, असं मला सांगण्यात आलं होतं.

"कसली सुई होती, आजोबा?" डॉक्टरांनी विचारलं.

"मानसिंगला इचारा," आबा म्हणाले आणि भिंतीकडं बघायला लागले.

डॉक्टरांनी मला समजावलं. ती भुलीच्या औषधानं पडली असेल तर ऑपरेशन जिवावर बेतू शकतं. औषध दुसरंच असेल तर फारशी काळजी नाही. "आज-उद्या सलाइनवर ठेवते. तोवर तिचे आधीचे रेकॉर्ड आणा. नाहीच मिळाले तर सोमवारी मला देवावर भरवसा ठेवून उघडावं लागेल. पण उशीर करू नका." काउंटरवरच्या संदेश नावाच्या मुलानं पुस्ती जोडली, "पीडीएफ असेल तर बरं पडेल, सर."

आबा तिथंच थांबले. निघताना मला म्हणाले, "दोन आळ्या वलांडून जा आन् मानसिंगला इचार."

आता इथं कुणीही शहाणा माणूस सरळ मानसिंगरावांच्या दारात गेला असता. पण त्या दारात उभं राहून मी म्हणणार काय होतो? तुमच्याकडून निघालोय, तेवढा दाखला द्या? असं म्हणणारे पालक माझ्या खिडकीशी येतात तेव्हा त्यांचं मी काय करतो, हे मला माहीत होतं. शिवाय तो अंगठा. मी ठरवलं, रेकॉर्ड मिळवायचं, पण रीतसर, स्वाभिमान राखून.

रीतसर म्हणजे काय, हे आमच्याकडं बापूसाहेब सांगतात. ते दूधसंस्थेचे माजी चेअरमन, आणि माजी झाल्यापासून त्यांना सल्ल्याला भरपूर वेळ असतो. म्हणाले, "भाऊसाहेब, मानसिंगचा कागद खाजगी. तो बारामतीत कोण इचारतंय? तो सरकारी दवाखान्यात हुता तवाची नोंद काढा, शिक्क्याची. इंदापूरला जावा, माझं नाव सांगा."

शनिवारी इंदापूरला गेलो. सुट्टी असूनही मार्चअखेरच्या कामासाठी कचेरी उघडी होती. ज्या कचेरीत गेलो तिचं नाव लिहीत नाही, कारण मला तिथं अजून काम पडतं. बापूसाहेबांचं नाव सांगितल्यावर टेबलामागचे गृहस्थ म्हणाले, "कोण बापूसाहेब?" मग त्यांनी संगणक चालू केला.

"बिल्ला नंबर?"

"कसला?"

"जनावराच्या कानात पिवळा बिल्ला असतो. त्याचा नंबर."

"कुत्री आहे ती."

"मग कानात बिल्ला नसेल."

"नाही."

"बिल्ला नाही तर नोंद नाही." ते गृहस्थ वाईट नव्हते. त्यांनी माझ्याकडं सहानुभूतीनं पाहिलं आणि सुचवलं, "घरची एखादी गाय असेल तर तिचा नंबर द्या. मागं एकाची शेळी आम्ही म्हशीच्या नंबरावर काढून दिली होती." मी गायी विकल्याचं सांगितलं. त्यावर ते म्हणाले की मग आधी गाय घ्यावी लागेल, आणि जेवायला उठले. मी दाराशी उभा राहिलो. माझ्या खिडकीपुढून परत जाणारी माणसं कशी दिसत असतील, ते मला प्रथमच कळत होतं. कळून उपयोग नव्हता, दिवस गेला होता.

घरी आलो तेव्हा रेश्मानं, म्हणजे माझ्या बायकोनं, दोन गोष्टी सांगितल्या. डॉक्टर अल्फियांचा फोन आला होता, ढेपीचा ताप उतरत नाही. आणि दुसरी, "अहो, मानसिंगराव सगळं दारावर लिहायचे की."

मी कपाळावर हात मारला. आमच्या गोठ्याचं बाभळीचं दार. त्याची आतली बाजू म्हणजे आमच्या सगळ्या जनावरांची वही. कुठली गाय कधी भरवली, कधी व्यायणार, लस कधी दिली, सगळं मानसिंगराव जाता जाता खडूनं, कोळशानं, कधी निळ्या पेन्सिलीनं दारावर लिहायचे. सगळ्याच गोठ्यांत अशी एखादी भिंत नाहीतर दार असतं. जनावर विकलं की आबा त्याच्या नावावर एक रेघ मारायचे, आणि मेलं की दोन. आईच्या मागं गायी विकल्या तेव्हा एकेक रेघ मारून झाल्यावर आबा हात झटकून बाहेर आले होते आणि परत गोठ्यात गेले नाहीत. मग मी तिथं गाडी लावायला शटर बसवलं, आणि दार बादशाहभाईंना देऊन टाकलं.

बादशाहभाई हायवेला मासे विकतात. धरणाच्या पाण्यातली चिलापी. दार त्यांनी चार ड्रमांवर आडवं टाकून माशांचा ओटा केला होता. मला पाहून म्हणाले, "दार? न्या की भाऊसाब. पर आज रविवार हाय, मोप गिऱ्हाईक. दुपार टळू द्या."

वर मासे, बर्फ, सुरे. लिहिलेली बाजू खाली. मला दुपारपर्यंत धीर निघेना, म्हणून मी ओट्याखाली शिरलो. पाठीवर झोपलो आणि मोबाइलची बॅटरी लावली. फळ्यांच्या फटींतून बर्फाचं पाणी गळत होतं, ते गार पाणी नेमकं डोळ्यांत येत होतं. 'चांदी भरवली.' वर रेघ. 'तांबडी, दुसरं वेत.' वर रेघ. चष्मा पुसेपर्यंत वर कुणीतरी मासा आपटला आणि खवले माझ्या तोंडावर पडले.

"खाली पाय कुणाचे हैत?" एका गिऱ्हाइकानं विचारलं.

"आमच्या शाळेतल्या भाऊसाबांचे," बादशाहभाई म्हणाले. त्यांच्या मनात काही नव्हतं. पण गिऱ्हाईक पालक निघालं. त्यानं वाकून खाली पाहिलं आणि अत्यंत आदरानं, "नमस्कार साहेब, पोराच्या दाखल्याचं कुठवर आलं?" असं विचारलं. मी झोपल्या झोपल्या उद्या या म्हणालो. सवयीचा परिणाम, दुसरं काय.

बादशाहभाईंच्या घरच्या, जरिनाभाभी, मला चहा द्यायला वाकल्या. "भाऊसाब, रागवू नगा. मानसिंगराव हाईत की गावात. सकाळीच मासं घिऊन गेले. त्यांनाच इचारायचं हुतं."

"रेकॉर्ड म्हणजे लेखी पाहिजे, भाभी," मी म्हणालो. एवढा प्रसंग असून माझ्यातला लिपिक शुद्धीवर होता.

दुपारी मासे संपले, पण तोवर फोनची बॅटरीही संपली होती आणि माझ्या डोळ्यांसमोर नुसते काजवे. दार उलटं केलं तर अर्धी अक्षरं ओल्यानं पुसट झालेली. बादशाहभाई म्हणाले, "सुकू द्या रातभर, मंग दिसंल." त्यांनी ते आपल्या भिंतीला उन्हात टेकवलं. बारामतीहून आबांचा फोन आला. तिथल्या संदेशनं लावून दिला असावा. आबांनी मी काय करतोय ते ऐकून घेतलं.

"दाराला काय इचारतो?" ते म्हणाले. "दार बोलत न्हाय. मानसिंगला इचार."

माझा जरा तोल गेला. "आबा, तोंडी सांगण्याला बारामतीत किंमत नसते. लिहिलेलं दाखवावं लागतं."

पलीकडून फोन बंद झाला. म्हातारा माणूस, त्याला रेकॉर्ड म्हणजे काय कळणार, असं मी स्वतःशी म्हणालो. हे वाक्य मला आता रोज आठवतं.

सोमवारी सकाळी दार टेंपोत घातलं. फोटो काढून पाठवता आले असते, पण फोटोत अक्षरांपेक्षा खवलेच जास्त चमकत होते. बादशाहभाई स्वतः सोबत आले. ऊन तापलं तसा दाराला वास सुटला. क्लिनिकच्या काचेच्या दरवाज्यातून ते बाभळीचं दार आत नेऊ लागलो, तेव्हा आत बसलेल्या सगळ्या मांजरी एकदम उठल्या. एक पिंजऱ्यासकट उलटली. एका बाईंच्या मांडीवरचं पांढरंशुभ्र मांजर, ज्याला म्हणे फक्त डब्यातलं चालतं, ते येऊन माझं दार चाटू लागलं. संदेश धावत आला. "सर, सर, हे काय?"

"रेकॉर्ड," मी म्हणालो.

"सर, पीडीएफ सांगितलं होतं."

दार परत टेंपोत गेलं, आणि डॉक्टर अल्फियाच बाहेर आल्या. हसल्या नाहीत. टेंपोत चढल्या, ओढणीनं एकेका ओळीवरचे खवले झटकत वाचू लागल्या. दाराच्या खालच्या भागात ढेपीचं सापडलं. 'ढेपी, रेबीज.' 'ढेपी, जंत.' 'ढेपी, पायाला काच, टाके.' पुढं तळहाताएवढी कोरी जागा. त्याखाली परत, 'ढेपी, रेबीज.' बाकी सगळं दार बोट टेकायला जागा नाही इतकं भरलेलं, आणि मध्ये तेवढीच जागा रिकामी.

"इथं नाहीये, काका," त्या म्हणाल्या. "बाकी सगळं आहे. जे हवं तेच नाही."

मी पुन्हा वाचलं. दाराच्या कडाही पाहिल्या. डॉक्टर हलक्या आवाजात म्हणाल्या, "ते डॉक्टर हयात आहेत ना? फोन लावा की."

मी काहीतरी सांगायला लागलो. रेंज, सकाळची वेळ, ते फिरतीवर असतात. तेवढ्यात आतून आबा आले. त्यांनी माझ्या वरच्या खिशातून फोन काढला, त्यांना तो लावता येत नाही, म्हणून माझ्यापुढं धरला. "लाव," म्हणाले.

मी मनात एक वाक्य जुळवलं होतं. 'वास्तविक गैरसमज नसावा' अशी सुरुवात होती. मानसिंगरावांनी लगेच फोन उचलला. "बोला, भाऊसाहेब."

"ढेपी..." मी म्हणालो. पुढचं वाक्य आलंच नाही.

"कुठं हाय?"

"बारामतीला. क्लिनिकात."

"आलो," ते म्हणाले. ग्रुपबद्दल नाही, महिन्याभरात मी तोंड का दाखवलं नाही याबद्दल नाही. काही विचारलं नाही.

ते मोटरसायकलवरून आले. केसांत, भुवयांत धूळ. टेंपोतलं दार पाहिलं आणि थांबले. पेटीतल्या औषधांच्या वासाचा तो हात त्यांनी त्या कोऱ्या जागेवर ठेवला. मग चपला बाहेर काढून काचेच्या दरवाज्यातून आत गेले. आपल्या मुलीच्या वयाच्या डॉक्टरसमोर उभे राहिले. आत दहा-पंधरा माणसं बसलेली, त्यांत दोघे-तिघे आमच्याच भागातले बागायतदार, त्यांच्या गोठ्यांत मानसिंगरावच जातात.

"गोचिडाचं औषध दिलं हुतं," ते म्हणाले. आवाज मोठाच होता, गोठ्यात बोलायची सवय. "भुलीचं न्हाय. गाईला भरलेली सिरिंज हातात हुती, घाईत तीच टोचली. गाईच्या मापानं. चूक माझी. कुत्रीत काय दोष न्हाय. तुमी बिनघोर भूल द्या."

डॉक्टर अल्फियांनी "थँक यू, सर" म्हटलं आणि आतल्या तयारीला लागल्या. संदेश संगणकावर टाइप करत होता. त्यानं बिचकत विचारलं, "सर, औषध देणाऱ्याचं नाव टाकावं लागतं. त्याशिवाय पुढं जात नाही. नसेल तर मी 'माहीत नाही' टाकतो."

"टाक की. माझं पुरं नाव टाक," मानसिंगराव म्हणाले आणि नाव सांगितलं. गावाच्या नावासकट.

मग बाहेर पायरीवर आबांशेजारी बसले. मी जवळच उभा होतो. मला उद्देशून, पण माझ्याकडं न बघता म्हणाले, "तवा आबांस्नी म्याच म्हणलो, कुणाला सांगू नगा. गावात फुटलं असतं तर पुन्हा कुणी गोठ्यात घेतलं नसतं. आबांनी शबूद दिला."

दोन आळ्या वलांडून जा, एवढंच आबा मला तीन दिवस सांगत होते. शब्द न मोडता त्यांना जेवढं सांगता येत होतं तेवढं त्यांनी सांगितलं होतं.

ऑपरेशन झालं. भुलीचा काही त्रास झाला नाही. संध्याकाळी ढेपीनं डोळे उघडले, आबांचा हात चाटला. बादशाहभाईंनी बाहेर सगळ्यांना चहा पाजला. मंगळवारी ती थोडं पाणी प्याली. बुधवारी सकाळी क्लिनिकचा मुलगा झाडू मारत असताना, आबांचा पाय तिच्या अंगाला लागलेला असताना, ती गेली. आबांना कळलं नाही. ते तिला झोप लागली का, असं विचारत होते.

डॉक्टर अल्फिया म्हणाल्या की पुवाचं विष रक्तात उतरलं होतं, मूत्रपिंडं आधीच गेली होती. मी विचारलं, "शनिवारी झालं असतं तर?"

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "सांगता येत नाही, काका," म्हणाल्या. खोटं बोलून त्या मला सोडवू शकल्या असत्या. तसं त्या बोलल्या नाहीत, आणि मला फार वाईट वाटलं. अजून वाटतं.

श्रेया पुण्याहून एसटीनं आली. घरामागच्या परड्यात शेवग्याखाली ढेपीला ठेवली. त्याच संध्याकाळी माझ्या फोनवर क्लिनिकचा मेसेज आला, 'प्रिय ढेपी, तुझ्या पुढच्या लसीची तारीख जवळ आली आहे.' मी संदेशला फोन केला. बिचारा खजील झाला. म्हणाला, "सर, नाव काढता येत नाही. 'बंद' करता येतं, पण त्याला कारण भरावं लागतं, आणि त्या यादीत हे कारण नाही. 'दुसऱ्या डॉक्टरकडे गेले' एवढंच आहे." मी म्हटलं, तेच टाक.

दार बादशाहभाईंनी परत नेलं नाही. त्यांनी सिमेंटची फरशी टाकली आणि दार आमच्या पडवीत आणून भिंतीला उभं केलं. जरिनाभाभींनी ते आधी दोनदा पाण्यानं धुवायला घेतलं होतं म्हणे, बादशाहभाईंनी अडवलं. वास अजून येतो.

तेराव्या-चौदाव्याचा हिशोब कुत्र्याला कुणी ठेवत नाही. पण बऱ्याच दिवसांनी एका दुपारी मानसिंगराव आले. मोटरसायकल घरी ठेवून चालत आले होते. हल्ली मला शाळेच्या वाटेवर ते फारसे दिसत नव्हते. दोन बागायतदारांनी दुसरा डॉक्टर लावल्याचं कानावर आलं होतं. आल्या आल्या त्यांनी खिशातून निळी पेन्सिल काढली, दारापुढं उकिडवे बसले आणि त्या कोऱ्या जागेत लिहिलं. 'ढेपी, गोचिडाचं औषध, गाईचं माप. चूक माझी.' खाली तारीख आणि सही. जागा बरोबर पुरली. तेव्हाच मोजून सोडलेली असावी.

आबांनी जवळ जाऊन बोट ठेवत वाचलं. "तू मोकळा झालास, मानसिंग," ते म्हणाले. "म्या तुला शबूद दिला. तिला काय दिलं?"

मानसिंगरावांच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्यांनी ते पुसलं नाही. पेन्सिल आबांपुढं धरली. रेघा आबाच मारतात. आबांनी ती घेतली, जरा वेळ हातात ठेवली आणि माझ्याकडं दिली.

"दाखला द्यायचं काम तुझं," म्हणाले.

आबांच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. मी खाली बसलो. मेलेल्या जनावराच्या नावावर दोन रेघा मारायच्या, हे मला लहानपणापासून माहीत आहे. मी पहिली मारली. बाभळीचं लाकूड, पेन्सिल अडखळत गेली. दुसरीसाठी हात उचलला आणि तो तसाच राहिला. माझ्या मागं दोघं म्हातारे उभे होते. कुणी घाई केली नाही.

एक रेघ म्हणजे जनावर दुसऱ्याच्या दावणीला गेलं.

"ऱ्हाऊ दे," आबा म्हणाले. "एकच ऱ्हाऊ दे."